खारीचा वाटा वेगळा काढा: बर्ड फीडरवरच्या नको असलेल्या पाहुण्यांचा बंदोबस्त

चिमण्यांसाठी म्हणून फीडर टांगायचा आणि पहिल्या आठवड्यात चिमण्या सोडून बाकी सगळे यायचे, हे पुण्यात बहुतेकांच्या वाट्याला येतं. सहकारनगरातल्या तळमजल्याच्या घरी राहायला आले तेव्हा मी ऑनलाइन मागवलेला पारदर्शक प्लास्टिकचा फीडर पेरूच्या फांदीला लावला आणि त्यात दोन किलो ज्वारी भरली. चौथ्या दिवशी त्याच्या तळाला रुपयाएवढं भोक पडलेलं होतं. खारीने प्लास्टिक कुरतडलं, ज्वारी खाली सांडली, सांडलेल्या ज्वारीवर कबुतरं उतरली आणि रात्री उरलेलं वेचायला घूस आली. महिन्याभरात कर्दळीच्या वाफ्याखाली तिचं बीळ झालं. एप्रिलमध्ये वरच्या मजल्यावरच्या काकूंनी गच्चीत घातलेल्या कुरडयांवर कबुतरं बसली तेव्हा त्या खाली आल्या. "वाळवण गेलं गं माझं. दाणे घालतेस त्याचं काहीतरी कर," एवढंच म्हणाल्या. त्यांचं बरोबर होतं.

पुढच्या पाच वर्षांत बऱ्याच चुका करून जी व्यवस्था जमली ती इथे पायरीपायरीने सांगते. तिच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. प्रत्येक प्राण्याचं वजन, पाय, दात आणि चोच वेगळी असते, त्यामुळे एका उपायाने सगळे थांबत नाहीत. खारीला अडवणारी वस्तू कबुतराला अडवत नाही आणि कबुतराला अडवणाऱ्या जाळीतून खार आरामात आत जाते. म्हणून आधी कोण येतं ते ओळखायचं आणि मग पैसे खर्च करायचे.

पायरी पहिली: आठ दिवस नुसतं बघा

फीडर लावण्याआधी एका थाळीत मूठभर बाजरी आणि राळा ठेवा. सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते सहा या वेळात कोण येतं ते वहीत लिहून काढा. राळा म्हणजे तोच बारीक पिवळा दाणा, जो पाळीव पक्ष्यांच्या दुकानात हमखास मिळतो आणि हल्ली भरडधान्य म्हणून किराणा दुकानातही असतो.

पुण्यात साधारणपणे चिमणी, ठिपकेवाली मुनिया, साळुंकी, होला, कबूतर, पोपट, कावळा आणि खार एवढी मंडळी येतात. बुलबुल येतो, पण त्याला दाण्यांपेक्षा फळ आणि किडे आवडतात. वेताळ टेकडी, तळजाई किंवा पाषाणच्या बाजूला राहत असाल तर यादी लांबेल. रात्री काय होतं ते कळायला झोपण्यापूर्वी थाळीभोवती पिठाचा पातळ थर भुरभुरा. सकाळी त्यात पावलं दिसली तर उंदीर-घुशींचा प्रश्न आधी सोडवावा लागेल. त्याआधी फीडर लावूच नका.

आपल्या दाराशी चिमण्या येतच नसतील, नुसती कबुतरंच दिसत असतील, तर दाण्यांचा फीडर लावण्यात अर्थ नाही. पाणी ठेवा आणि जास्वंद, पावडर-पफ, कढीपत्ता अशी झाडं लावा. शिंजीर, बुलबुल, शिंपी हे पक्षी त्यावर येतात आणि त्यांच्या मागे कोणताही उपद्रव येत नाही.

पायरी दुसरी: दाणे कोणते आणि किती

अर्धा बंदोबस्त इथेच होतो. शेंगदाणे आणि सूर्यफुलाच्या बिया म्हणजे खार आणि पोपट या दोघांना आमंत्रणच. करडईचंही तेच, आपल्याकडच्या शेतकऱ्यांना करडईवर आणि सूर्यफुलावर उतरणारे पोपटांचे थवे काही नवीन नाहीत. मका, हरभरा आणि गहू कबुतरांना आवडतात. चिमणी आणि मुनियांना बाजरी, राळा आणि तांदळाची कणी पुरते. ज्वारी चिमण्या खातात, पण कबुतरंही तितक्याच आवडीने खातात, म्हणून मी ज्वारी भांड्यात घालत नाही. तिचा उपयोग वेगळ्या तऱ्हेने करते, तो पुढे सांगते.

पोळीचे तुकडे, शिळा भात, ब्रेड, बिस्किटं, फरसाण यातलं काहीच नको. मीठ आणि तेल पक्ष्यांना बाधतं आणि शिजवलेल्या अन्नावर कावळे, उंदीर आणि मांजरं येतात. पितृपक्षात कावळ्यासाठी पान ठेवत असाल तर ते गच्चीत फीडरपासून लांब ठेवा आणि तासाभराने उचला. कावळ्याला जागा लक्षात राहते, आणि तो चिमण्यांची अंडी-पिल्लंही पळवतो.

किती घालायचं? सकाळी दोन तासांत संपेल एवढंच. माझ्याकडे पंधरा-वीस चिमण्यांना दोन मुठी पुरतात. फीडर दोन किलोंचा आहे म्हणून तो भरायलाच हवा असं नाही. भांडं रिकामं राहिलं तर चिमण्या उपाशी मरत नाहीत, दिवसभर त्या चार ठिकाणी चरत असतात. भरलेलं भांडं दिवसरात्र लटकत राहिलं की मात्र उरलेलं कोणी ना कोणी शोधून काढतंच.

पायरी तिसरी: खार

आता मुख्य पाहुणी. सेतू बांधताना वाळूचे कण वाहून आणणारी, म्हणून रामाने पाठीवरून बोटं फिरवलेली ही खार आपल्याकडे सगळ्यांची लाडकी आहे आणि ती तशीच राहावी असं मला मनापासून वाटतं. महाराष्ट्रात पाठीवर तीन पट्टे असलेली आणि पाच पट्टे असलेली अशा दोन्ही खारी आहेत. भीमाशंकरचं शेकरू हा आपला राज्यप्राणी, तेही खारीच्याच कुळातलं, पण ते मोठ्या जंगलात राहतं, आपल्या फीडरवर येत नाही.

बाजारात ‘स्क्विरल प्रूफ’ म्हणून मिळणारे फीडर घेण्याआधी थांबा. ते युरोप-अमेरिकेतल्या करड्या खारीसाठी बनवलेले असतात. तिचं वजन ४०० ते ६०० ग्रॅम असतं, आपली खार जेमतेम १०० ग्रॅमच्या आसपास भरते. ‘वजन पडलं की झाकण बंद’ अशा फीडरची स्प्रिंग परदेशी खारीच्या हिशेबाने लावलेली असेल तर आपली खार त्यावर बसली तरी झाकण हलत नाही. स्प्रिंग हलकी करावी तर दुसरी अडचण येते. एक चिमणी २५ ते ३० ग्रॅमची, चार चिमण्या एकदम बसल्या की एका खारीएवढं वजन होतं आणि झाकण त्यांच्याच तोंडावर बंद होतं. चिमण्या तर घोळक्यानेच येतात. जाळीच्या पिंजऱ्यातल्या फीडरचंही तसंच. मोठी खार ज्या फटीतून जाऊ शकत नाही त्याच फटीतून आपली खार चिमणीच्या मागोमाग आत शिरते. माझ्या ओळखीच्या दोघांनी असे महागडे फीडर घेतले आणि दोघांचेही आता माळ्यावर पडून आहेत.

आपल्या खारीसाठी उपाय एकच: तिला फीडरपर्यंत पोचूच द्यायचं नाही. त्यासाठी तिच्या तिन्ही वाटा बंद कराव्या लागतात. खालून चढायची, बाजूने उडी मारायची आणि वरून उतरायची.

बाजूची उडी आधी बघा. फांदी, भिंत, कुंपण, कपडे वाळत घालायची दोरी, इंटरनेटची केबल यापैकी काहीही फीडरपासून सात-आठ फुटांच्या आत नको. मी पाच फुटांवरून सहज मारलेली उडी पाहिली आहे, म्हणून आठ फूट सांगते. फीडरच्या वर काहीही लोंबत नको, कारण खाली पडताना ती याहून कितीतरी लांब जाते. बाग छोटी असेल आणि एवढी मोकळी जागाच नसेल तर पुढची पाइपाची खटपट करू नका, थेट कणसाचा उपाय वाचा.

मोकळी जागा असेल तर खांब करा. एक इंची जीआय पाइप, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप, आठ फुटांचा घ्या. दीड फूट जमिनीत गाडा, गच्चीवर असेल तर रंगाच्या वीस लिटरच्या बादलीत काँक्रीट ओतून त्यात उभा करा. आता ११० मिमीचा पीव्हीसी ड्रेनेज पाइप दोन फूट लांब कापून आणा आणि त्याच्या एका तोंडाला एंड कॅप, म्हणजे तोंड बंद करणारं झाकण, लावा. कॅपच्या मधोमध जीआय पाइप जाईल एवढं भोक पाडून घ्या. बोहरी आळीत किंवा कोपऱ्यावरच्या प्लंबिंगच्या दुकानात हे सगळं मिळतं आणि भोकही पाडून देतात. हा मोठा पाइप, कॅपचं तोंड वर ठेवून, खांबावर वरून सरकवा. खांबाला आधीच एक क्लॅम्प घट्ट बसवलेला असतो, कॅप त्यावर टेकते आणि मोठा पाइप खांबाभोवती सैल लोंबतो. त्याचं खालचं तोंड जमिनीपासून किमान साडेतीन फुटांवर हवं, नाहीतर खार जमिनीवरून उडी मारून त्याच्या वर पोचते. खार खांबावरून चढत येते, पाइपाच्या आत शिरते, वर कॅप असल्यामुळे अडते आणि परत फिरते. बाहेरून चढायला जाते तर गुळगुळीत पाइपावर तिच्या नख्या रुतत नाहीत आणि एवढ्या जाड पाइपाला तिचे हात कवळा घालू शकत नाहीत. कॅप लावायला विसरलात तर आतूनच वर निघते, ही चूक मी पहिल्यांदा केली होती. उन्हाने पीव्हीसी दोन-तीन वर्षांत खरखरीत होतो, तेव्हा तो बदला.

फीडर टांगायचाच असेल तर वरून झाकण लागतं. जुनी ॲल्युमिनियमची परात, सोळा ते अठरा इंच व्यासाची, तळाला मधोमध भोक पाडून फीडरच्या वर पालथी अडकवा. ती घट्ट बसवू नका, डुगडुगायला हवी. खार तारेवरून उतरून परातीवर आली की परात कलते आणि ती घसरते. अशी परात बुधवारी-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात स्वस्तात मिळते. टांगायला पोलादी तार वापरा. सुतळी खार कुरतडते आणि नायलॉनची दोरी किंवा मांजा तर अजिबातच नको. त्यात पक्ष्यांचे पाय आणि पंख अडकतात. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली ती अशाच कारणांनी.

फीडर स्वतः स्टीलचा किंवा जाड पत्र्याचा घ्या. खारीचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, ते झिजवण्यासाठी तिला काहीतरी कुरतडावंच लागतं. प्लास्टिक आणि मऊ लाकूड तिला आयतंच मिळतं.

आता तिचा वाटा. फीडरपासून पंधरा-वीस फुटांवर, शक्यतो तिच्या नेहमीच्या झाडाच्या बुंध्याशी, एक फळी ठोका. सकाळी फीडर भरण्याआधी त्यावर सालासकट चार-पाच भुईमुगाच्या शेंगा, कधी खोबऱ्याचा तुकडा, कधी पेरूची फोड ठेवा. शेंगा कच्च्या, बिनमिठाच्या हव्यात. कष्ट न करता मिळतंय म्हटल्यावर खार खांबाशी झटापट करत नाही. हा वाटा ठरलेलाच ठेवा. दोनाच्या चार खारी झाल्या म्हणून शेंगा वाढवल्या तर दिवाळीपर्यंत आठ होतील. पावसाळ्यात शेंगा ठेवूच नका, ओल्या हवेत त्यांना बुरशी धरते आणि त्या बुरशीचं विष खारीला आणि पक्ष्यांना दोघांनाही घातक असतं.

खारीला हाकलून द्यायला मी तयार नाही, त्याला आणखी एक कारण आहे. मांजर किंवा शिक्रा हा शिकारी पक्षी दिसला की खार शेपटी उडवत एकसारखी चिरकत राहते. माझ्या अंगणातल्या चिमण्या त्या आवाजावर क्षणात बोगनवेलीत घुसतात. ती असते तेव्हा त्यांना पहारेकरी मिळतो. पण घरटी मात्र तिच्यापासून जपावी लागतात, कारण संधी मिळाली तर ती अंडी खाते. चिमण्यांचं लाकडी घरटं फीडरजवळ लावू नका आणि त्याच्या ३२ मिलिमीटरच्या भोकाभोवती पत्र्याची चकती ठोका, म्हणजे कुरतडून भोक मोठं करता येत नाही.

खारीच्या बाबतीत लोक सांगतात ते तीन उपाय करू नका. पहिला, खांबाला तेल, ग्रीस किंवा व्हॅसलीन फासणं. ते तिच्या केसांना आणि पक्ष्यांच्या पिसांना लागतं. तेलकट पिसं पाणी आणि थंडी अडवू शकत नाहीत आणि चाटून साफ करताना ते पोटातही जातं. दुसरा, दाण्यांत लाल तिखट मिसळणं. याच्यामागचं शास्त्र खरं आहे, तिखटातला दाहक घटक सस्तन प्राण्यांना झोंबतो आणि पक्ष्यांना जाणवत नाही, म्हणून तर पोपट मिरच्या मजेत खातो. पण पुण्यातल्या मार्च-एप्रिलच्या वाऱ्यात ती पूड उडून खारीच्या, शेजारच्या पोराच्या आणि आपल्याही डोळ्यांत जाते. तिसरा, पिंजऱ्यात धरून लांब कुठेतरी टेकडीवर सोडून येणं. अनोळखी जागी तिला ना घरटं ठाऊक ना पाणी, आणि मागे तिची पिल्लं असतील तर तीही जातात. रिकाम्या जागेवर महिन्याभरात दुसरी खार येते.

एसीच्या बाहेरच्या युनिटमागे काथ्या आणि कापसाचं घरटं सापडलं तर पिल्लं मोठी होईपर्यंत ते हलवू नका. पिल्लू खाली पडलं असेल तर चपलांच्या खोक्यात कापड घालून झाडाजवळ ठेवा आणि लांबून दोन-तीन तास वाट बघा, आई बहुधा उचलून नेते. गाईचं दूध पाजू नका. आई आलीच नाही, किंवा प्राणी जखमी असेल, तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. बावधनची रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट ही संस्थाही पुण्यात जखमी वन्यप्राण्यांवर उपचार करते.

पायरी चौथी: कबुतरं

खार फक्त नासधूस करते. कबुतरांचा प्रश्न आरोग्याचा आहे, म्हणून इथे मी कडक आहे. कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ सतत श्वासात गेली तर काही जणांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस हा फुप्फुसाचा आजार होतो आणि वेळीच कारण बंद झालं नाही तर फुप्फुसं कायमची आक्रसतात. २०२५ मध्ये मुंबईत दादरचा कबुतरखाना बंद करण्यावरून केवढा वाद झाला ते सगळ्यांनी पाहिलं. घरात दमा असलेलं कोणी असेल, किंवा खालच्या मजल्यावर वयस्कर माणसं असतील, तर फ्लॅटच्या गॅलरीत दाण्यांचा फीडर नकोच. पाण्याचं भांडं आणि फुलझाडं यांवर भागवा.

अंगण असेल तर कबुतराचं शरीर लक्षात घ्या. ते ३०० ग्रॅमच्या वर भरतं, त्याला दोन पाय रोवून उभं राहायला सपाट जागा लागते, चिमणीसारखं ते लोंबकळू शकत नाही. म्हणून पसरट थाळी, रुंद कठडा, ट्रे असलेला फीडर हे सगळं बाद. उभ्या नळीचा फीडर घ्या, त्याच्या बसायच्या काड्या पाऊण इंचापेक्षा लांब असतील तर कापा आणि खालचा ट्रे काढून टाका.

तरीही जमत नसेल तर फीडरभोवती पिंजरा करा. दीड इंच चौकोनाची वेल्डमेश, म्हणजे तारा एकमेकींना वेल्ड केलेली, जाळी चिमणी आणि मुनियांना आत सोडते आणि कबूतर, साळुंकी, पोपट, कावळा यांना बाहेर ठेवते. जाळी आणि दाणे यांच्यात सगळ्या बाजूंनी सहा इंचांचं अंतर ठेवा, नाहीतर कबूतर आणि पोपट मान आत घालून खातात. कापलेल्या तारांची टोकं कानसीने घासून बोथट करा. पहिले चार-पाच दिवस चिमण्या बिचकतील, लगेच जाळी काढू नका. मी तिसऱ्या दिवशी निराश होऊन काढणार होते, आणि पाचव्या दिवशी सकाळी एक चिमणा आत जाऊन बसला. त्यानंतर तासाभरात सगळ्या आत. ही जाळी खारीला थांबवत नाही, त्यामुळे पिंजरासुद्धा पाइप लावलेल्या खांबावरच बसवायचा.

सांडलेलं धान्य हे कबुतरांचं खरं जेवण. चिमण्या चोचीने दाणे उडवतात, निम्मे खाली पडतात. फीडरखाली जुनं धोतर किंवा चादर अंथरा आणि नऊ वाजता झटकून उचला. सार्वजनिक जागी, रस्त्याच्या कडेला किंवा चौकात दाणे टाकू नका. पुणे महापालिकेने त्यावर दंडाची कारवाई जाहीर केलेली आहे, आणि ती नसती तरी शेजाऱ्यांच्या फुप्फुसांवर आपल्या हौसेचा अधिकार नाही.

कणसाचा उपाय

आता ज्वारीचं सांगते. माझ्या आजोळी ओसरीच्या आढ्याला चिमण्यांसाठी ज्वारीची कणसं टांगलेली असायची, भातशेतीच्या भागात भाताच्या लोंब्या टांगतात. त्या जुन्या रीतीत फार मोठं शहाणपण आहे. कणीस पातळ तारेला देठाकडून बांधून मोकळ्या जागी लोंबतं ठेवलं की चिमण्या आणि मुनिया त्याला उलट्या लटकून एकेक दाणा काढतात. कबुतराला त्यावर बसता येत नाही. कणीस हललं की साळुंकीही कंटाळून जाते. खाली फारसं सांडत नाही आणि भांडं धुवायचा प्रश्न नाही. पोपट मात्र येतो आणि देठच कापून नेतो, तेव्हा बारीक तारेने दोन-तीन वेढे देऊन बांधा. तारेच्या वर उलटी परात लावली की खारही थांबते.

ज्यांच्याकडे जागा कमी आहे त्यांनी फीडरच्या फंदात न पडता हेच करावं असं माझं मत आहे. रब्बी ज्वारीची काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. ओळखीच्या शेतकऱ्याकडून वीस-पंचवीस कणसं घेऊन कडक उन्हात वाळवा आणि कडुनिंबाच्या पाल्यासोबत पत्र्याच्या डब्यात भरा. एका वेळी दोनच कणसं टांगा.

पायरी पाचवी: पोपट, साळुंकी, कावळा

पोपट, म्हणजे आपला हिरवा कंठवाला, थव्याने आला की दहा मिनिटांत फीडर रिकामा करतो. बाजरी आणि राळ्यावर तो फार वेळ थांबत नाही, आठवडाभर सूर्यफूल बंद ठेवा. माणसाळला म्हणून त्याला पकडायचा मोह मुलांना होतो. रानपोपट पकडणं, पाळणं, विकणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे गुन्हा आहे, हे त्यांना तेव्हाच सांगा. साळुंकी आणि कावळा दीड इंची जाळीने थांबतात, अधिक काही करावं लागत नाही.

पायरी सहावी: रात्रीचे पाहुणे

सूर्यास्तापूर्वी फीडर आणि खालची चादर घरात घ्या. उंदीर आणि घुशींसाठी हाच सगळ्यात मोठा उपाय आहे, बाकी सगळं दुय्यम. धान्याचा साठा अंगणातल्या खोक्यात नको, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात घरात हवा. उंदीर-घुशी आल्या की त्यांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिसचा धोका येतो, आणि टेकडीच्या कडेच्या सोसायट्यांमध्ये त्यांच्या मागावर धामण, कधी नागही येतो.

बीळ झालंच असेल तर आधी पंधरा दिवस दाणे पूर्ण बंद करा. मग सापळ्याचा पिंजरा लावा. विषाच्या गोळ्या नकोत. विष खाल्लेला उंदीर संथ होतो आणि पिंगळा किंवा गव्हाणी घुबड त्याला सहज उचलतं, ते विष मग घुबडात उतरतं. चिकट गोंदाचे पॅड तर अंगणात कधीच ठेवू नका. माझ्या एका मैत्रिणीच्या पॅडवर सकाळी उंदराऐवजी दयाळ चिकटलेला सापडला. असं झालं तर ओढून काढू नका, गोंदाच्या उघड्या भागावर कागद चिकटवा, पक्ष्यावर कापड टाका आणि जाणकारांना बोलवा.

पायरी सातवी: मांजर आणि शिक्रा

मांजर झुडपाआड दबा धरतं. म्हणून फीडर सहा फूट उंच आणि त्याच्या भोवती सहा फुटांत दाट झुडूप नको. पण आठ-दहा फुटांवर चिमण्यांना पळून लपायला एखादी काटेरी वेल हवीच, बोगनवेल उत्तम. छाटणीत निघालेल्या बोगनवेलीच्या काट्या खांबाभोवती पसरल्या की मांजर तिथे बसत नाही.

शिक्रा आला तर त्याला हाकलू नका, तोही पक्षीच आहे आणि त्याचंही पोट आहे. रोजच येऊ लागला तर आठवडाभर दाणे बंद ठेवा, चिमण्या पांगतात आणि तोही दुसरीकडे जातो. शहराच्या कडेला, सिंहगडाच्या बाजूला, माकडं आली तर मात्र फीडर उतरवून ठेवा. माकडांना अडवणारी कोणतीही घरगुती व्यवस्था मी पाहिलेली नाही आणि एकदा त्यांना घर कळलं की ती स्वयंपाकघरापर्यंत येतात.

पायरी आठवी: मुंग्या आणि मधमाश्या

फळाच्या फोडी ठेवत असाल तरच हा प्रश्न. आजीच्या घरी जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत असायचे, तेच इथे करा. फीडरच्या वर तारेवर एक छोटी वाटी अडकवून तीत पाणी ठेवा, मुंग्या ओलांडत नाहीत. हे पाणी आणि पक्ष्यांच्या पिण्याचं पाणी रोज बदला, साठलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास आठवडाभरात तयार होतात. साखरेचं पाणी ठेवू नका, त्यावर मधमाश्यांची झुंबड उडते. उन्हाळ्यात त्या साध्या पाण्यावरही येतात, त्यांच्यासाठी पसरट बशीत खडे घालून वेगळं पाणी ठेवलं तर पक्ष्यांचं भांडं मोकळं राहतं.

आठवड्याची सफाई आणि पावसाळा

दर रविवारी फीडर धुवा. नऊ भाग पाण्यात एक भाग ब्लीच घालून दहा मिनिटं बुडवा, भरपूर साध्या पाण्याने खळखळवा आणि उन्हात पूर्ण वाळवून मगच दाणे भरा. ओलसर भांड्यात बाजरी भरली की दुसऱ्या दिवशी गोळा होतो. विष्ठा खरवडताना आधी पाणी शिंपडा आणि मास्क लावा, कोरडी झाडू नका. एखादी चिमणी फुगून, डोळे मिटून फीडरवरच बसून राहिलेली दिसली तर ती आजारी आहे. तिला पाहून बाकीच्यांना उपाशी ठेवल्यासारखं वाटलं तरी दोन आठवडे फीडर बंद करा, कारण एका भांड्यावर जमल्यानेच आजार पसरतो.

जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला की मी फीडर धुऊन माळ्यावर ठेवते. तेव्हा दाणे भिजून सडतात, आणि चिमण्यांना तेव्हा दाण्यांची गरजही कमी असते. पिल्लांना त्या अळ्या आणि किडे भरवतात, ते पावसाळ्यात भरपूर मिळतात, फक्त झाडांवर कीटकनाशक मारू नका. खारीची फळीही तेव्हा रिकामी ठेवते. दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की खांबावरचा पाइप तपासून, खरखरीत झाला असेल तर नवा बसवून, सकाळी पहिली मूठ बाजरीची घालते.